शुगर मिनॉट लिसनिंग नाइट, फतेहगंज, वडोदरा : बेस अजून हवा, पण नक्की जा

चार स्टार देतेय. पाचवा बेससाठी राखून ठेवलाय, तो का ते खाली येईलच. ज्यांना एवढं वाचायचं नाहीये त्यांनी इतकंच लक्षात ठेवा, तिकीट ४५० रुपये, त्यात एक कॉफी नाहीतर आलं-लिंबू सरबत आणि एक सँडविच, संध्याकाळी सात ते साडेदहा, आणि एका जमैकन गायकाचं अख्खं आयुष्य त्याच्या रेकॉर्डवरून ऐकायला मिळतं. पैसे वसूल.

आता सविस्तर. फतेहगंजला मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर हा कॅफे आहे, एरवी युनिव्हर्सिटीची मुलं लॅपटॉप उघडून बसलेली असतात, पण महिन्यातल्या एका शनिवारी हे लोक टेबलं भिंतीला लावतात, खुर्च्या सगळ्या एका बाजूला तोंड करून मांडतात, समोर दोन टर्नटेबल, एक मिक्सर, दोन उंच स्पीकर आणि खाली एक सब, म्हणजे फक्त बेसचा मोठा स्पीकर, आणि मग एकाच कलाकाराच्या रेकॉर्ड क्रमानं लावायच्या, मधेमधे बोलायचं. या खेपेला शुगर मिनॉट. आपल्याकडे रेगे म्हटलं की बॉब मार्ली आणि तिथेच गोष्ट संपते. मार्ली मोठाच आहे, त्यात काही प्रश्नच नाही, पण किंग्स्टनच्या गल्लीत रात्री काय वाजायचं, लोक कशावर नाचायचे, गरीब घरातलं पोरगं गायक कसं व्हायचं, हे कळून घ्यायचं असेल तर मिनॉटपासून सुरुवात केलेली बरी असं माझं आधीपासून मत होतं आणि त्या रात्री ते पक्कं झालं.

मी मामांना घेऊन गेले होते. मामांनी आयुष्यभर गरब्याला आणि गणपतीला साउंड लावला, दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी, सगळीकडे. रेगे त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं, पण स्पीकर त्यांना डोळे मिटून कळतो, म्हणून मला त्यांनाच न्यायचं होतं. आणि ते न्यायला हवेच होते, कारण या माणसाची गोष्टच मुळात साउंडवाल्यांची गोष्ट आहे.

खरं नाव लिंकन बॅरिंग्टन मिनॉट, जन्म २५ मे १९५६, किंग्स्टन. लहानपणीच तो साउंड ऑफ सायलेन्स कीस्टोन नावाच्या साउंड सिस्टीमवर सिलेक्टर होता, म्हणजे कुठली रेकॉर्ड कधी लावायची ते ठरवणारा. ही साउंड सिस्टीम म्हणजे काय ते होस्टनं फार छान समजावलं. बँड बोलवायला पैसे नाहीत, रेडिओवर आपलं संगीत फारसं लागत नाही, म्हणून मोकळ्या आवारात नाहीतर एखाद्या हॉलमधे कपाटाएवढे स्पीकर रचायचे, तिकीट लावायचं, आणि रात्रभर रेकॉर्ड. शेजारच्या मोहल्ल्याची दुसरी सिस्टीम, दोघांची टक्कर. ज्याचा बेस भारी आणि ज्याच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेली रेकॉर्ड, तो जिंकला. मामा एकदम पुढे सरकून बसले, मला म्हणाले, "अगं हे तर आपलंच आहे की." रेगेतल्या या नाचाच्या प्रकाराला डान्सहॉल हे नाव त्या हॉलवरून आणि त्या आवारांवरूनच पडलं, आणि मिनॉट गायक व्हायच्या आधी त्या हॉलचा माणूस होता. लोक कुठल्या गाण्याला उठतात आणि कुठल्या गाण्याला सरबत आणायला जातात हे त्यानं रेकॉर्ड लावता लावता बघितलेलं होतं. पुढे त्यानं जे जे केलं त्यात हे दिसत राहतं.

मग आफ्रिकन ब्रदर्स. टोनी टफ, डेरिक हॉवर्ड आणि हा, तिघांचा गट, सत्तरच्या दशकाची सुरुवात, गोड तिहेरी गळे. त्यातलं एकच गाणं लावलं, मला अजून एखादं चाललं असतं, पण पुढे जायची घाई होती ते समजू शकते. हा गट १९७४ च्या सुमारास स्टुडिओ वनला पोचला आणि गट मोडल्यावर मिनॉट तिथेच राहिला. स्टुडिओ वन म्हणजे ब्रेंटफर्ड रोडवरचा कॉक्सन डॉडचा स्टुडिओ, जमैकाच्या संगीताची शाळाच म्हणा, मार्लीसुद्धा तिथूनच निघालेला. मिनॉट तिथे पडेल ते काम करायचा, गिटार वाजव, तालवाद्यं वाजव, मागे कोरसला उभा राहा.

आणि इथे त्या रात्रीचा सगळ्यात चांगला भाग. होस्टनं आधी ऑल्टन एलिसचं 'आयम जस्ट अ गाय' लावलं, साठच्या दशकातलं, रॉकस्टेडी म्हणजे रेगेच्या लगेच आधीचा प्रकार, एकदम मऊ गळा. पूर्ण वाजू दिलं. मग काही न बोलता मिनॉटचं 'व्हॅनिटी' लावलं. तोच बेस. तेच ड्रम. तीच टेप, खरोखर तीच, पुन्हा वाजवलेली नाही. आणि त्यावर दुसरंच गाणं, दुसरीच चाल, दुसरेच शब्द, दुसराच माणूस. खोलीतल्या निम्म्या लोकांनी मान वर केली. मला आधीपासून माहीत होतं तरी स्पीकरवर एकापाठोपाठ एक ऐकताना अंगावर काटा आला, कारण घरी हेडफोनवर आपण असं लावतच नाही, एक आज ऐकतो, एक सहा महिन्यांनी.

तिकडे गाण्याच्या बेस-ड्रमच्या पायाला रिदिम म्हणतात आणि एक गाजला की त्यावर पुढची कित्येक वर्षं कित्येक जण गातात. पण मिनॉटच्या वेळी हे का घडलं त्याला कारण होतं आणि ते होस्टनं नीट सांगितलं, त्याचे मार्क त्याला. सत्तरच्या दशकाच्या मधे मॅक्सफिल्ड अव्हेन्यूवर चॅनल वन नावाचा स्टुडिओ जोरात आला, हूकिम भावांचा. त्यांनी स्टुडिओ वनचे दहा-दहा वर्षं जुने रिदिम नव्या मुलांकडून पुन्हा वाजवून घ्यायला सुरुवात केली, ड्रमवर स्लाय डनबार, आवाज ताजा आणि करकरीत, आणि बाजार तिकडे वळला. कॉक्सनकडे नवीन काही नव्हतं पण मूळ टेपा त्याच्याकडे होत्या. त्या टेपांवर नवं गाणं घालायला माणूस हवा होता, आणि हा पोरगा तिथेच होता, त्याला जुनं सगळं पाठ, आणि नाचणाऱ्यांना आज काय हवंय हेही माहीत. त्यातून १९७८ ला 'लिव्ह लव्हिंग' हा त्याचा पहिला अल्बम आला. पहिला डान्सहॉल अल्बम म्हणून बरेच जण त्याच्याकडे बोट दाखवतात. पहिला-दुसरा या वादात मला रस नाही, पण त्याच्यानंतर जॉनी ऑसबोर्नसारखे गायक याच वाटेनं गेले हे खरं आहे.

इथे मागे बसलेल्या एकानं विचारलं, "म्हणजे रिमिक्सच झालं ना हे?" आणि होस्ट जरा गडबडला, तिकडची पद्धतच वेगळी आहे वगैरे म्हणाला आणि पुढची रेकॉर्ड काढायला वाकला. हा प्रश्न इतका चांगला होता की त्याला असं सोडायला नको होतं, म्हणून मला काय वाटतं ते लिहिते. रिमिक्समधे गाणं तेच असतं, सजावट बदलते. इथे सजावट तीच आहे आणि गाणं बदललंय. तुम्हाला कुणी एक बेसलाइन दिली जिच्यावर ऑल्टन एलिससारखा माणूस आधीच गाऊन गेलाय, लोकांना ते पाठ आहे, आणि सांगितलं की आता यातूनच नवी चाल काढ, जी ऐकताना कुणाला जुनी आठवली तरी नवीच गुणगुणावीशी वाटेल, हे सोपं काम नाहीये. मिनॉट स्वर जरा मागे ओढून टाकतो, बेस पुढे निघून जातो आणि हा आरामात त्याच्या मागून येतो, त्या मोकळ्या जागेतच त्याचं गाणं आहे. मामांचं उत्तर जास्त चांगलं होतं, ते मोठ्यानं म्हणाले नाहीत, मला म्हणाले, "गरब्यात तरी काय असतं गं, ठेका सुरूच असतो, गाणारा एका गरब्यातून दुसऱ्यात जातो, नाचणाऱ्याचा पाय थांबता कामा नये." बरोबर. पाय थांबता कामा नये हा पहिला नियम आणि बाकी सगळं त्यानंतर.

पण याची दुसरी बाजूही होस्टनं सांगायला हवी होती. ज्यांनी तो बेस, तो पियानो मुळात वाजवला त्यांना स्टुडिओत बसल्याचे त्या दिवसाचे पैसे मिळायचे, पुढे त्याच वाजवण्यावर पन्नास गाणी निघाली तरी त्यांच्या हातात फारसं काही यायचं नाही, ही तक्रार जमैकात जुनी आहे आणि रास्त आहे. रिदिमचं कौतुक करताना हे गाळलं की अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होतं.

मग 'मिस्टर डीसी'. याच्या आधी द टेनर्सचं 'प्रेशर अँड स्लाइड' लावलं, त्याचाच रिदिम. डीसी म्हणजे तिकडचा डिस्ट्रिक्ट कॉन्स्टेबल. गावाकडून गांजाची पिशवी घेऊन शहरात विकायला आलेला माणूस पोलिसाला विनवतोय की साहेब ही घेऊ नका, घरी पोरं आहेत, त्यांना खायला घालायचंय. एवढंच गाणं. आवाज चढवत नाही, शिव्या देत नाही, साहेब साहेब करत राहतो आणि मागे बेस इतका हलका उड्या मारतोय की लोक नाचतात. कुणाला विषय पटो न पटो, पण हप्ता मागणाऱ्यासमोर हातगाडीवाला ज्या सुरात बोलतो तो सूर या गाण्यात जसाच्या तसा आहे आणि तो मला कुठल्याही क्रांतीच्या गाण्यापेक्षा जास्त लागतो. मिनॉटची सगळी चांगली गाणी अशीच आहेत, तो घोषणा देत नाही, तो अडचण सांगतो.

मध्यंतराआधी 'हार्ड टाइम प्रेशर' लागलं, १९७९ च्या आसपासचं, बारा इंची रेकॉर्ड. ही बारा इंची भानगड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गाणं संपलं की त्याच रेकॉर्डवर पुढे तेच वाद्यांचं रूप सुरू राहतं, इंजिनिअर आवाज काढून घेतो, मधेच एक शब्द एकोत सोडतो, गिटार येते आणि गायब होते. इथे मामांचा जीव अडकला. आणि इथेच सबची गडबड त्यांच्या लक्षात आली. गाण्याचे शब्द असेपर्यंत कळत नव्हतं, पण वाद्यं उघडी पडली तेव्हा बेसचे सगळे सूर एकसारखेच घुमत होते, वरचा खालचा ओळखू येत नव्हता. मध्यंतरात मामा उठून सरळ होस्टकडे गेले, म्हणाले, "बेटा, सब कोपऱ्यात ठेवलायस म्हणून तो गुंगतोय, दोन्ही भिंतींपासून हातभर पुढे घे आणि मग आवाज वाढव." मला वाटलं मुलगा वैतागेल, पण त्यानं लगेच दोघांना बोलावून सब ओढून घेतला, दोन-तीन जागा बदलून बघितल्या, आणि मध्यंतरानंतर बेस एकदम स्वच्छ झाला, प्रत्येक सूर वेगळा. या एका गोष्टीसाठी मी या कॅफेला मानते. ज्यानं दुसऱ्याचं ऐकलं तो चांगला साउंडवाला, हे माझं नाही, मामांचं सर्टिफिकेट.

(हो, रेकॉर्डची करकर होती, विशेषतः जुन्या जमैकन प्रेसिंगवर, ती तशीच असते, कुणी तक्रार करू नका.)

दुसरा भाग इंग्लंडपासून. मिनॉटला तिकडे मोठं मार्केट मिळालं, तिथे स्थायिक झालेल्या जमैकन लोकांची दुसरी पिढी तोवर मोठी झाली होती आणि त्यांना प्रेमाची मऊ गाणी हवी होती, त्याला लव्हर्स रॉक म्हणतात. हा गळा त्यासाठीच बनलेला. १९८१ मधे 'गुड थिंग गोइंग' यूकेच्या चार्टवर चौथ्या नंबरपर्यंत गेलं. मूळ गाणं मायकल जॅक्सननं १९७२ मधे पोरवयात गायलेलं, ते या माणसानं घेतलं आणि असं काही शांत केलं की मूळ आठवतच नाही. कॅफेत हे लागलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक काकू, साठीच्या असतील, गुजराती, त्या हलक्या हलक्या डोलायला लागल्या आणि पूर्ण गाणंभर डोलत होत्या. कॅरल थॉम्पसनबरोबरचं 'मेक इट विथ यू' पण लावलं, ते मला जरा जास्त गुळगुळीत वाटतं, पण खोलीला आवडलं.

आता कुठलाही माणूस चौथ्या नंबरवर गेल्यावर काय करेल? लंडनला बसेल, मोठ्या कंपनीबरोबर आणखी तशीच पाच गाणी करेल. आणि ही संध्याकाळ इथे खरी सुरू झाली असं मी म्हणेन, कारण होस्टनं मिनॉटची गाणी लावणं जवळजवळ थांबवलं आणि त्याच्या पोरांची लावायला लागला.

झालं असं की स्टुडिओ वन सोडल्यावर मिनॉटनं ब्लॅक रूट्स नावाचं स्वतःचं लेबल काढलं आणि त्याबरोबर यूथ प्रमोशन. यूथ प्रमोशन म्हणजे किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या गाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी उघडं दार. साउंड सिस्टीम होती, माइक होता, स्टुडिओचा वेळ मिनॉट स्वतःच्या कमाईतून काढायचा, आणि मुलं यायची. कोण कोण आलं बघा. लिटल जॉन. ट्रिस्टन पामर. ज्युनिअर रीड, जो पुढे मायकल रोझ बाहेर पडल्यावर ब्लॅक उहुरूचा मुख्य गायक झाला, म्हणजे ग्रॅमी मिळवलेल्या बँडचा. यामी बोलो. गार्नेट सिल्क, ज्याचा आवाज नव्वदच्या दशकात अख्ख्या जमैकानं डोक्यावर घेतला आणि जो १९९४ मधे आगीत गेला. आणि टेनर सॉ.

टेनर सॉला होस्टनं सलग तीन गाणी दिली आणि बरोबर केलं. चर्चमधे गाणाऱ्याचा गळा, जरा कण्हल्यासारखा, सूर सरळ पकडत नाही, खालून चढत चढत येतो. त्याचा 'फीव्हर' अल्बम १९८५ चा, मिनॉटनं केलेला. त्याच वर्षी त्याचं 'रिंग द अलार्म' आलं, ते मिनॉटचं नाही, विन्स्टन रायली या निर्मात्याचं, स्टॅलॅग रिदिमवर, आणि आजही जगात कुठेही डान्सहॉल वाजत असेल तर ते लागतंच. मुलगा १९८८ मधे ह्यूस्टनला गेला, पंचवीसचाही नव्हता. हे सांगून होस्टनं काही भाष्य केलं नाही, रेकॉर्ड उलटली आणि बी साइड लावली. मला ते आवडलं.

हे ऐकताना माझ्या डोक्यात सारखं एकच येत होतं की मिनॉटनं स्वतःचं किती नुकसान करून घेतलं असेल. त्याचे पन्नासच्या वर अल्बम आहेत, कितीतरी वेगवेगळ्या निर्मात्यांकडे, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वॅकीज स्टुडिओपासून किंग्स्टनच्या स्लाय आणि रॉबी या ड्रम-बेसच्या जोडीपर्यंत, आणि खरं सांगायचं तर सगळे चांगले नाहीत, काही घाईत केलेले सरळ कळतात. एवढी पोरं पोसायची म्हटल्यावर माणूस जिथून बोलावणं येईल तिथे गाऊन येणारच, असा माझा अंदाज. म्हणून त्याला मोजायचं तर फक्त त्याच्या हिट गाण्यांवर मोजू नका. त्याच्या माइकवर पहिल्यांदा कोण उभं राहिलं ते मोजा. आपल्या बडोद्याला हे कळायला कठीण नाही, १८८६ मधे मौलाबक्षांना बरोबर घेऊन संगीताची शाळा काढणाऱ्या सयाजीरावांचं हे गाव आहे, फक्त तिकडे राजा नव्हता, एका गायकानं स्वतःच्या खिशातून केलं.

वॅकीजचं एक गाणं लावलं, लॉइड बार्न्सच्या त्या स्टुडिओचा आवाज वेगळाच, धूसर, सगळं जरा लांबून येतंय असं. त्या रेकॉर्डा पुढे बर्लिनच्या बेसिक चॅनल या टेक्नो लेबलवाल्यांनी पुन्हा छापल्या म्हणून आता मिळतात तरी. मग 'हर्बमन हसलिंग', १९८४, स्लाय-रॉबी, आणि इथे मागच्या मोकळ्या जागेत आठ-दहा जण उठून नाचायला लागले. खुर्च्यांच्या रांगा दोननं कमी करा आणि मागे जागा वाढवा, ही माझी विनंती. डान्सहॉल बसून ऐकायचं नसतं.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, नऊ वाजल्यानंतर सबचा आवाज निम्मा केला. खाली राहणारे लोक आहेत, त्यांचा हक्क आहे, मी त्यांच्याविरुद्ध काही बोलत नाही. पण मग संध्याकाळी पाचला सुरू करा ना. नेमकं ऐंशीच्या दशकातलं, जे बेसवरच उभं आहे, ते कमी आवाजात गेलं. १९८५ चा तो प्रसिद्ध बदल, किंग जॅमीच्या स्टुडिओत वेन स्मिथचं 'अंडर मी स्लेंग टेंग', कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधल्या तयार ठेक्यावर केलेलं, ज्यानंतर बँडची गरजच कमी झाली आणि सगळं संगीत डिजिटल झालं, ते गाणं पोट हलल्याशिवाय कळतच नाही. ते लागलं तेव्हा खोलीत फक्त टिकटिक ऐकू येत होती. पाचवा स्टार तिथे गेला.

दुसरी, कॉफी मशीन. रेकॉर्ड चालू असताना दूध फेसाळायचं नाही एवढा नियम करा. सगळ्यांची ऑर्डर मध्यंतरात घ्या.

तिसरी तक्रार मजकुराबद्दल. १९८६ नंतरची चोवीस वर्षं पंधरा मिनिटांत गुंडाळली. स्लेंग टेंगनंतर जुने गायक कितीतरी मागे पडले, पण मिनॉट डिजिटल ठेक्यावरही गात राहिला, १९८६ चा 'इना रेगे डान्स हॉल' त्या काळातलाच, त्यातलं एकही लावलं नाही. शेवटी २००६ च्या 'रेडिओड्रेड'मधलं गाणं मात्र लावलं, रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या अल्बमचं ते रेगे रूप, ईझी स्टार ऑल-स्टार्सनी केलेलं, त्यात 'एक्झिट म्युझिक' मिनॉटनं गायलंय. मागची कॉलेजची मुलं रेडिओहेडवाली होती, ती एकदम ताठ बसली. पन्नाशीतला आवाज, कडा जरा झिजलेल्या, आणि ते अंधारं गाणं तो त्याच्या नेहमीच्या विनवणीच्या सुरात गातो, ओरडत नाही. मी हे आधी ऐकलेलं होतं पण आधीचे तीन तास ऐकून झाल्यावर तो तोच मिस्टर डीसीपुढे उभा असलेला माणूस आहे हे ओळखू आलं. चार वर्षांनी, १० जुलै २०१० ला, किंग्स्टनमधे गेला. वय ५४.

हातात एक छापील कार्ड देतात, त्यात वाजवलेल्या गाण्यांची नावं आहेत, पण सालं नाहीत, लेबल नाही, रिदिमचं नाव नाही. घरी जाऊन शोधायचं म्हटलं तर हेच लागतं. पुढच्या वेळी घाला प्लीज.

खाणं ठीक. सँडविच साधं, सरबत चांगलं, आलं भरपूर. आपल्याकडे दारूबंदी असल्यामुळे अशा ठिकाणी लोक खरंच ऐकायला येतात, कुणी मोठमोठ्यानं बोलत नाही, मुंबईतल्या माझ्या मैत्रिणीला याचा हेवा वाटला. मुलींना एकटं यायला काही हरकत नाही, वातावरण एकदम चांगलं, स्टाफ अदबीनं बोलतो, वॉशरूम स्वच्छ. होस्टला अजून बोलायची सवय व्हायची आहे पण अभ्यास पक्का आहे आणि रेकॉर्ड स्वतःच्या पैशांनी जमवलेल्या आहेत, त्यामुळे हात लावू देत नाही, ते योग्यच आहे.

पुढचं सेशन डेनिस ब्राउनचं आहे असं सांगितलं. मामा येणार आहेत, त्यांनी होस्टला नंबरही देऊन ठेवलाय की सब लावताना बोलव म्हणून. जागा पन्नासच्या आसपास, मेसेज करून आधी बुक करा, दारावर मिळेल याची खात्री नाही. लिफ्ट नाही आणि जिना अरुंद आहे, वयस्कर माणसं बरोबर असतील तर जरा लवकर पोचा. गाडी गल्लीत लावू नका, बाहेर मेन रोडला लावून चालत या, दोन मिनिटं लागतात.